पाया पक्का होईपर्यंत गोष्ट थांबवायची का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबच्या बाजारात, एसटीच्या थांब्यावर, नाहीतर शाळेच्या पालकसभेत शिक्षणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "पोराले आधी अक्षरं अन् पाढे शिकवा, बाकीचं मंग पाह्यता येईन." म्हणणारा शेतकरी असो, दुकानदार असो की निवृत्त गुरुजी, यावर सगळ्यांचं एकमत. कौशल्यं सुटी सुटी शिकवायची, सुटी सुटी तपासायची. ती पक्की झाली की मूल वाचायला, हिशेब करायला, विचार करायला आपलं आपण लागेल. गोष्टी, चर्चा, परिसरातली कामं ही सगळी नंतरची चैन.

यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच हा समज मरत नाही. अक्षरं आणि पाढे शिकवावेच लागतात, ते हवेतून येत नाहीत. गडबड पुढच्या अर्ध्यात आहे. पक्की झालेली कौशल्यं एकमेकांना जाऊन मिळत नाहीत. ती मिळवून द्यावी लागतात, आणि तेही पहिल्या वर्षापासून.

पाचवीतली एक मुलगी घ्या. आई कापूस वेचायला जाते. दर किलोमागे आठ रुपये धरा, आणि आजचा काटा सदतीस किलोचा. मजुरी किती झाली, असं विचारलं तर ती बोटंही न मोजता सांगते : "आठ त्रिक चोवीस, म्हंजे दोनशे चाळीस. आठ सत्ते छप्पन. दोनशे शहाण्णव." आता तिच्याच वहीत ३७ गुणिले ८ अशी उभी मांडणी करून द्या. ती आठ सत्ते छप्पन म्हणते आणि रेघेखाली अख्खे ५६ लिहिते. मग आठ त्रिक चोवीस म्हणून त्यांच्या डावीकडे २४ लिहिते. उत्तर २४५६. बरोबर आहे का? "हो." एका दिवसाच्या वेचणीला अडीच हजार रुपये कुणी देत नाही हे तिला चांगलं ठाऊक आहे, पण ते शहाणपण वहीपर्यंत पोचलेलं नाही.

चाचणीत या उत्तराला शून्य. शेरा : गुणाकार येत नाही. उपाय : आठचा पाढा दहा वेळा लिहून आण. अहो, पाढा तर तिला झोपेतही येतो! अडलंय ते हातच्यापाशी. छप्पन्नातले पाच दशक दशकांच्या घरात न्यायचे असतात, एवढंच. आणि तोंडी करताना तिने नेमकं हेच केलं होतं : तीस वेगळे काढले, सात वेगळे काढले, शेवटी बेरीज केली. तिचा तोंडी हिशेब आणि वहीतली मांडणी शेजारी शेजारी ठेवून 'यातले दोनशे चाळीस त्यात कुठे गेले?' असं कुणी विचारलं, तर दहा मिनिटांचं काम आहे. पाढा दहा वेळा लिहिण्याला त्याहून जास्त वेळ लागतो आणि त्यातून हाती काही येत नाही.

हे उदाहरण सोयीचं शोधून काढलंय असं वाटत असेल, तर ब्राझीलकडे बघा. तिथल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या मुलांवर कॅराहर दांपत्य आणि श्लीमान यांनी १९८५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. धंदा करताना या मुलांनी ९८ टक्के हिशेब बरोबर केले. तीच आकडेमोड कागदावर नुसत्या गणितासारखी दिल्यावर ३७ टक्के. मुलं फक्त पाच होती, म्हणून शंका घ्यायला जागा होती. पण २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांविषयी लिहिलं आणि तेच चित्र पुन्हा दिसलं. आपल्या पालकसभेने वाचावा असा भाग मात्र त्याच्या पुढे आहे. शाळेत जाणारी, वहीतली गणितं सोडवणारी मुलं बाजारातल्या व्यवहारात अडखळली. पाढे पक्के, पुस्तकी मांडणी पक्की, तरी हिशेब कच्चा. पाया घातला की इमारत उभी राहते म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

वाचनाचंही असंच आहे. चौतीस व्यंजनांच्या बाराखड्या म्हणजे ४०८ अक्षरं. स्वर आणि जोडाक्षरं आणखी वेगळी. ती सगळी पाठ होईपर्यंत मुलाच्या हाती गोष्ट द्यायची नाही म्हटलं, तर पहिली-दुसरी त्यातच जाते. 'ग म भ न' ही सोय उगाच रूढ झालेली नाही. चार अक्षरं शिकवा आणि लगेच त्यांचे शब्द वाचायला द्या : मग, नग, नभ, मन. पुढे काना आला की आणखी शब्द, मग छोटी वाक्यं. अक्षर सुटंच शिकवलं, पण सुटं राहू दिलं नाही. गफ आणि टन्मर यांनी १९८६ मध्ये मांडलेलं सूत्र प्रसिद्ध आहे : वाचन म्हणजे लिपी उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असली की दुसरी कितीही मोठी असो, हाती शून्यच. आपल्याकडे पालघर जिल्ह्यातला वाडा तालुका आणि कर्नाटकातला यादगीर इथे पहिली ते तिसरीच्या मुलांचा तीन वर्षं मागोवा घेणारा अभ्यास झाला. तिसरी संपत आली तरी अनेक मुलं लिपीशीच झगडत होती आणि अर्थाविषयीचं बोलणं वर्गात फारसं होतच नव्हतं.

इथे दुसऱ्या टोकाचे लोक टाळ्या वाजवतील, तर त्यांनी जरा थांबावं. ज्ञानरचनावादाची लाट आली तेव्हा 'मूल ज्ञान स्वतः रचतं, आपण शिकवायचं नाही' असंही ऐकलं. वर्गात गोट्या, काड्या, चिंचोके, रंगीत फरशी, सगळं होतं. फक्त हातचा म्हणजे काय हे कुणी सांगत नव्हतं. वर सांगितलेली मुलगी आणखी शंभर दिवस कापसाचा हिशेब करत राहिली तरी उभी मांडणी आपली आपण शोधून काढणार नाही. ती शिकवावी लागेल, सरळ, फळ्यावर, खडू घेऊन.

'पण असर सुद्धा अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असंच तपासतं ना?' तपासतं. कारण असर ही मुलांना किती वाचता येतं याची पाहणी आहे. गावोगाव थोड्या वेळात, एका पानावर चित्र मिळावं म्हणून त्या पायऱ्या केल्या आहेत. त्यांचा अभ्यासक्रम करून 'अक्षर गटातल्या' मुलाला महिनोन्महिने अक्षरंच गिरवायला लावणं हा आपला शोध. ती पाहणी सुरू करणाऱ्या 'प्रथम' संस्थेच्या 'कमाल' पद्धतीत गोष्ट ऐकणं, बोलणं, अक्षरं-शब्दांचे खेळ आणि लिहिणं एकाच तासात येतं. केंद्राच्या निपुण भारत अभियानाच्या उद्दिष्टाचंही तेच झालं. तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थ समजून, असं ते आहे. मोबाइलवर वेळ लावणं सोपं, म्हणून साठ शब्द राहिले आणि अर्थ वाटेत गळाला.

मूल्यमापनात खरं तर कागदावर आपण फार मागे नाही. २०१० पासूनच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता करायच्या, मूल्यमापनासाठी आठ साधनं दिली आहेत : निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, कृती, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. पहिली-दुसरीला आकारिक ७०, संकलित ३० गुण. त्या मुलीचा तोंडी हिशेब आणि वहीतली चूक, दोन्ही पकडायला एवढं पुरे आहे. प्रत्यक्षात काय होतं? वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या व्हॉट्सॲपवर फिरतात. 'गणिती क्रिया अचूक करतो', 'उपक्रमात आनंदाने सहभागी होतो', तीस मुलांना तीच पाच वाक्यं आलटून पालटून. एका गुरुजींकडे दोन वर्ग आणि वर ऑनलाइन माहिती भरण्याचा तगादा असेल, तर त्यांना एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. 'सदतीस गुणिले आठ तोंडी बरोबर, लेखी हातचा विसरते' अशी एक ओळ त्या साऱ्या यादीहून उपयोगाची आहे, आणि ती लिहायला अर्धा मिनिटही लागत नाही.

'असं सगळं गुंफून शिकवणं, म्हणजे एकात्मिक शिक्षण, हे परदेशी फॅड आहे' हेही ऐकू येतं, आणि तेही यवतमाळ जिल्ह्यात! वर्धा नदीच्या पलीकडे, वर्ध्यात, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगाभोवती सगळे विषय गुंफणारी नई तालीम तिथून पुढे आली. अपुऱ्या तयारीच्या ठिकाणी या गुंफणीची, म्हणजे समवायाची, ओढाताण झाली, प्रत्येक धडा टकळीला बांधायचा हट्ट झाला, हे खरं. पण त्या परिषदेने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने कताईसोबत मातृभाषेचा आणि गणिताचा इयत्तावार, क्रमवार अभ्यासक्रमही दिला होता, हे टीकाकार आणि भक्त दोघेही विसरतात.

आता उरलेले किरकोळ समज.

एकात्मिक पाठ्यपुस्तक म्हणजे एकात्मिक शिक्षण : नाही. मराठी, गणित, इंग्रजीचे धडे एका बांधणीत आले की दप्तर हलकं होतं, हा फायदा आहेच. धडे मात्र एकमेकांना ओळखतही नाहीत.

प्रकल्प केला की सगळी कौशल्यं आली : दुकानातून आणलेल्या थर्माकोलच्या ज्वालामुखीत कौशल्य असेल तर ते दुकानदाराचं.

पाढे पाठ करणं जुनाट झालं : अजिबात नाही. पाढा तोंडावर असला की डोकं हातच्यासाठी मोकळं राहतं.

अंतर्गत गुण म्हणजे खैरात आणि लेखी तेवढं खरं : दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये नवा अभ्यासक्रम आला, भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढले, निकाल ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी गुण परत दिले आणि तो ९५.३० वर गेला; त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपरही रद्द झाला होता. हे गुण सढळ हाताने दिले जातात, मान्य. पण लेखी पेपरला मुलाचं बोलणं ऐकू येत नाही, त्यामुळे गुण काढून टाकणं हा त्यावरचा इलाज नव्हता.

आकारिक मूल्यमापन आलं म्हणून ढकलपास आला : ढकलपास आला तो २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ मुळे. ते कलम २०१९ मध्ये बदललं, आणि महाराष्ट्रात पाचवी व आठवीला २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली आहे.