समुद्राकडे निघण्यापूर्वी

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. तरीही हिवाळ्यात इथल्या अनेक शाळांच्या सहली कुंभार्ली घाटाने गुहागरला किंवा आंबा घाटाने गणपतीपुळ्याला जातात. कृष्णेत पोहायला शिकलेली मुले समुद्र दिसताच पाण्यात धावतात. पण नदीचे पाणी एकाच दिशेने वाहते, समुद्राचे तसे नसते. हा फरक सहल निघण्यापूर्वी वर्गातच समजावून द्यायला हवा.

प्रथम भरतीची वेळ पाहू. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज साधारण तेवढ्याच उशिरा येते. कोकणात यासाठी एक सोपा हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला 4 ची पाऊणपट 3, म्हणजे पहाटे आणि दुपारी 3 च्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. दिनदर्शिका समोर ठेवून सातवीची मुलेही हे गणित करतील. हिशेब ढोबळ आहे. नेमक्या वेळा भरती-ओहोटीच्या कोष्टकात मिळतात.

अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते व उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ती काटकोनात असते, तेव्हा भांगाची, म्हणजे लहान भरती असते. मग अष्टमीला समुद्र निर्धोक समजावा काय? 1 फेब्रुवारी 2016 रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडला पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. त्या दिवशी कृष्ण अष्टमी होती.

भरती लहान असली तरी लाटा आणि प्रवाह असतातच. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जाताना कधीकधी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने आत जाते. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधले पाणी संथ दिसते. नवख्याला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते! या प्रवाहाचा वेग सेकंदाला 2 मीटरपर्यंत जाऊ शकतो. त्याच्याविरुद्ध पट्टीचा पोहणाराही टिकत नाही.

हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, किनाऱ्यापासून दूर नेतो. म्हणून त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे येण्यासाठी झगडू नये. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडावे. दम लागला तर तरंगत राहून हात वर करावा. काठावरच्यांनी मागोमाग उड्या न घेता दोर किंवा रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन फेकावा आणि जीवरक्षकांना बोलवावे.

शिक्षकांना आमचे सांगणे एवढेच : सहलीच्या दिवसाची भरती मुलांकडूनच काढून घ्या. हैदराबादची 'इन्कॉईस' ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, ते निघण्यापूर्वी पाहा. किनाऱ्यावर पोचल्यावर आधी तिथल्या कोळी बांधवांना विचारा. ते 'नको' म्हणाले, तर त्या दिवशी समुद्र वाळूवरूनच पाहावा.