उतारवयात वाढणारी ग्रंथी

वय वाढते तसे शरीरातील बरेचसे भाग आक्रसत जातात. स्नायू बारीक होतात, हाडे विरळ होतात, थायमस ग्रंथीच्या जागी चरबी साचते. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली आणि मूत्रमार्गाला चहूबाजूंनी वेढणारी पुरुषाची प्रोस्टेट, म्हणजेच अष्ठीला, ग्रंथी मात्र या क्रमाला ठळक अपवाद आहे. विशीत ती अक्रोडाएवढी, सुमारे 20 ग्रॅम वजनाची होते, पुढे कित्येक वर्षे तेवढीच राहते आणि चाळिशीनंतर, टेस्टोस्टेरॉन या पौरुष संप्रेरकाची पातळी हळूहळू उतरू लागलेली असताना, अनेकांच्या बाबतीत पुन्हा वाढू लागते. शवविच्छेदनांच्या अभ्यासांत 30 वर्षांखालील पुरुषांत ही वाढ दिसली नाही, 51 ते 60 या वयोगटात मात्र ती सुमारे निम्म्या पुरुषांत आढळली. वैद्यक तिला ‘बिनाइन प्रोस्टॅटिक हायपरप्लेझिया’ किंवा बीपीएच म्हणते. यात पेशी आकाराने मोठ्या होत नाहीत, त्यांची संख्या वाढते.

पोषण करणारे संप्रेरक घटत असताना ग्रंथी वाढते कशी, याच्या उत्तराचा एक भाग ग्रंथीच्या आतच आहे. तेथील 5-अल्फा रिडक्टेज हे विकर टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रभावी संप्रेरकात करते आणि ग्रंथीतील त्याची पातळी म्हातारपणीही फारशी घसरत नाही. डोमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांत या विकराची जन्मजात उणीव असल्याचे 1974 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या पुरुषांची प्रोस्टेट आयुष्यभर लहानच राहते. तरीही सगळा दोष संप्रेरकावर टाकणे चूक आहे, कारण त्याचा अंमल तारुण्यातही पूर्ण असतो आणि तेव्हा ग्रंथी वाढत नाही. संप्रेरक ही या वाढीची पूर्वअट आहे. वाढ घडवणारा बदल वयामुळे पेशींच्या वागणुकीत होतो.

निरोगी ग्रंथीत जितक्या पेशी जन्मतात तितक्याच नियोजित पेशीमृत्यूने, म्हणजे पेशीने स्वतःच घडवून आणलेल्या शिस्तबद्ध अंताने, नाहीशा होतात. उतारवयात हा तोल सुटतो, आणि तो सुटण्यात पेशीविभाजनाचा वेग वाढण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, वाटा मरण लांबण्याचा असतो, ही या विषयातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट आहे. काही पेशी जीर्णावस्थेत जातात; त्या विभाजन थांबवतात, पण मरत नाहीत, उलट इंटरल्यूकिन-8 सारखी रसायने स्रवून शेजारच्या पेशींना वाढीचा इशारा देत राहतात. दीर्घकाळ रेंगाळणारा दाह या प्रक्रियेला बळ देतो. सर्वाधिक वाढ होते ती स्राव निर्माण करणाऱ्या पेशींना आधार देणाऱ्या, तंतू आणि अनैच्छिक स्नायूंनी बनलेल्या ऊतकाची. जॉन मॅकनील यांनी 1978 मध्ये अशी मांडणी केली की, गर्भावस्थेत ग्रंथीच्या नलिका घडवणारी या आधारऊतकाची क्षमता उतारवयात पुन्हा जागी होते. ही मांडणी आजही गृहीतकच आहे, पण जुन्या ग्रंथीत नव्या गाठी का उगवतात याचा विचार तिच्याशिवाय पुढे जात नाही.

या गाठी बहुधा मूत्रमार्गाला बिलगलेल्या संक्रमण विभागात उगवतात, त्यामुळे थोडी वाढही लघवीची धार बारीक करू शकते आणि रात्री वारंवार उठावे लागते; उलट बाहेरच्या बाजूने बरीच मोठी झालेली ग्रंथी काहींना त्रासही देत नाही. कर्करोग बहुतांशी परिघावरील विभागात सुरू होतो आणि बीपीएचचे रूपांतर कर्करोगात होत नाही. तसे होईल ही भीती पुष्कळ पुरुषांना डॉक्टरांपासून वर्षानुवर्षे दूर ठेवते, म्हणून हे निःसंदिग्धपणे सांगणे आवश्यक आहे.

डोमिनिकन कुटुंबांच्या अभ्यासातून सुचलेले फिनास्टेराइड हे औषध अमेरिकेत 1992 मध्ये मान्य झाले. ते 5-अल्फा रिडक्टेजला अडवून काही महिन्यांत ग्रंथीचा आकार सुमारे एकपंचमांश ते एकचतुर्थांशाने कमी करते; मात्र कर्करोगाच्या तपासणीत वापरल्या जाणाऱ्या पीएसए या प्रथिनाची रक्तातील पातळीही त्यामुळे जवळजवळ निम्मी होते, म्हणून हे औषध घेणाऱ्याच्या अहवालातील आकडा डॉक्टर सामान्यतः दुप्पट धरून वाचतात.