वासराच्या कानातले भविष्य

आमचे आजोबा बाजारात बैल घेताना आधी दात पाहत, मग पाठीवरून हात फिरवीत आणि शेवटी त्याला चार पावले चालवून पाहत. एवढे करूनही कधी कधी फसगत व्हायचीच! अमेरिकेतल्या माँटाना राज्यातील पशुपालकाची अडचण तर याहून बिकट. मांसासाठी पाळलेल्या गुरांचा विषय दिवाळी अंकात कशाला, असे काही घरांतून म्हटले जाईल. पण मला कुतूहल आहे ते त्यामागच्या हिशेबाचे.

वळूची संतती कशी निपजेल, हे त्याच्याकडे पाहून कसे कळावे? वासरू पोटात फार वाढले, तर पहिलारू गाय विताना अडते. प्रसंगी गायही जाते नि वासरूही. मांसाची प्रत तर जिवंत वळूत नीट पाहताच येत नाही. त्याची वासरे वाढून खाटिकखान्यात जाईपर्यंत थांबायचे, म्हणजे चार-पाच वर्षे गेली. तोवर महाशय शेकडो वासरांचे बाप झालेले असायचे!

मेउविसेन, हेज आणि गॉडर्ड या तिघा शास्त्रज्ञांनी 2001 साली एक युक्ती कागदावर मांडली. एखादे गुणकारी जनुक हुडकीत बसू नका. डीएनएवरच्या हजारो खुणांचा एकदम हिशेब करा. पुढे 2009 साली गाईचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. तो होता डॉमिनेट नावाच्या हेरफर्ड गाईचा. माँटानातल्या माइल्स सिटीजवळच्या फोर्ट कीओ संशोधन केंद्रातली ही गाय. सुमारे 50,000 खुणा एकदम वाचणारी चिपही याच सुमारास आली. आता वासराच्या कानाचा कपटा किंवा मुळासकट उपटलेले शेपटीचे केस एवढे पुरतात.

मात्र चिप एकटी मुकीच. कोणती खूण किती वजनाची, हे सांगायला आधी हजारो जनावरांच्या वजनांच्या वह्या लागतात. दुधाच्या धंद्यात अशा नोंदी मुबलक होत्या, म्हणून ही विद्या तिथे आधी रुजली. मोकळ्या कुरणात एका कळपात तीन-चार वळू सोडलेले; बाप कोण हेच ठाऊक नाही, तिथे नोंद कसली ठेवणार? (तेही आता कानाचा कपटाच सांगतो.) शिवाय अँगस जातीवर बसवलेले गणित हेरफर्डला नीट लागू पडत नाही. फोर्ट कीओत मात्र डॉमिनेटच्या घराण्याची पैदास 1934 पासून टिपून ठेवलेली आहे.

म्हणून कपटा प्रयोगशाळेत गेला, तरी वासराला काट्यावर चढवणे काही सुटलेले नाही. ते सुखासुखी चढत नाही, ही गोष्ट निराळी.