झाकलेला रकाना

इंग्रजी घेऊन एम. ए. करणाऱ्या मुलांच्या शब्दांच्या वह्या मी आवर्जून मागून पाहते. मराठवाड्यात माझ्या वर्गात येणारी बहुतेक मुलं मराठी माध्यमातली. राज्यात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू झालं, म्हणजे ही मुलं ए-बी-सी-डी गिरवतच मोठी झाली. तरी कादंबरी हातात घेतली की पानोपानी अडतात. अडणारच. पॉल नेशन या अभ्यासकाने २००६ साली हिशेब मांडला होता: इंग्रजी कादंबरी कुणाच्या मदतीशिवाय वाचायची तर आठ-नऊ हजार मूळ शब्द, त्यांच्या रूपांसकट, ओळखीचे हवेत.

बहुतेक वह्यांत दोन रकाने असतात. डावीकडे शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, आणि रात्री त्यावरून नजर फिरवायची. अशाने शब्द ओळखीचा वाटायला लागतो, पण पेपर लिहिताना ऐनवेळी दगा देतो. परभणीकडच्या एका मुलीच्या वहीत मात्र जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची पट्टी असते. तिने अर्थाचा रकाना झाकायचा, आठवायचं आणि मगच पट्टी खाली सरकवायची. चुकलं तर शब्दापुढे पेन्सिलीने टिंब. तीन टिंबं पडली की तो शब्द नव्या पानावर जातो, या वेळी अख्ख्या वाक्यात. जमलेला शब्द ती दुसऱ्या दिवशी पाहते, मग आठवड्याने, मग महिन्याने. माणूस शिकलेलं सुरुवातीला भराभर विसरतो आणि पुढे सावकाश, हे हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. तिची उजळणी नेमकी त्याच चालीने चालते. ही रीत तिला थोरल्या बहिणीने शिकवली.

शब्द ती सुटा लिहीत नाही, जोडीदारासकट लिहिते. 'अटेन्शन'च्या आधी 'पे'. 'डिस्कस'समोर लाल शाईत 'अबाउट नको'. आपण एखाद्या गोष्टीबद्दल चर्चा करतो, त्यामुळे तो 'अबाउट' हमखास घुसतो. नियम पाठ असलेली मुलंही इथे चुकतात, कारण नियम एका वहीत असतो आणि शब्द दुसऱ्या.

एक मुलगा बीबीसीचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा कार्यक्रम ऐकून थोडं थोडं उतरवून घेतो आणि मग छापील संहितेशी ताडून पाहतो. मोठे शब्द बिनचूक असतात. गळतात ते 'टू', 'ऑफ', 'हॅव'. इंग्रजी बोलणारा हे शब्द गिळून टाकतो आणि मराठी कान प्रत्येक अक्षराची वाट पाहत बसतो. गळालेल्या जागांना गोल करून तो तेवढाच भाग पुन्हा लावतो आणि आवाजाच्या पाठोपाठ म्हणतो.

रिबेका ऑक्सफर्ड यांनी १९९० मध्ये भाषा शिकण्याच्या अशा युक्त्यांचे सहा गट पाडले. त्यांतला एक इतरांसोबत शिकण्याचा. माझी मुलं कमी पडतात ती इथे. हसतील, ही धास्ती. आठवणशक्तीवर मेहनत घेणारी मुलं वर्षभर तोंड उघडत नाहीत, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून वसतिगृहातल्या चौघींचा उपक्रम मला मोलाचा वाटतो. जेवणानंतर एकीने वाचलेलं प्रकरण इंग्रजीत सांगायचं. मध्ये कुणी टोकायचं नाही. चुका चिठ्ठीवर लिहून शेवटी द्यायच्या. शब्द अडला तर वळसा घालून पुढे जायचं, मराठीत शिरायचं नाही. परवा चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' चालली होती. ओकोन्क्वो उसनं बियाणं आणून कंद लावतो आणि नेमका त्याच वर्षी पाऊस दडी मारतो, तो भाग. सांगणारीला 'ड्रॉट' आठवेना. 'नो रेन, मेनी वीक्स, द सीड डाइड,' असं म्हणत ती पुढे गेली. प्रकरण संपल्यावर दुसरी आपल्या घरच्या दुबार पेरणीबद्दल बोलू लागली, इंग्रजीतच. चिठ्ठीवर चुकांची भली मोठी यादी झाली होती. तरी 'मग पुढे काय केलंत?' हा प्रश्नसुद्धा तिला इंग्रजीतूनच आला, आणि तिने उत्तर दिलं.