व्यवसाय कराचे २०० रुपये

सोलापूरच्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. एमएमटी, म्हणजे ‘मॉडर्न मॉनेटरी थिअरी’, या अर्थशास्त्रातल्या मांडणीविषयी वाचून त्या विचारतात : "सरकार आधी खर्च करतं, कर नंतर घेतं, खर्चासाठी कराची गरजच नसते, असं एमएमटीवाले म्हणतात हे समजलं. पण माझ्या पगारातून दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापतात. हा कर रोजगार हमीसाठी बसवला, असं आम्ही नोकरीला लागल्यापासून ऐकतो. मग हमीच्या मजुराला पगार माझ्या पैशातून होतो की नाही?"

एमएमटीवर लिहिणाऱ्या परदेशी प्राध्यापकांनाही हा प्रश्न इतका नेमका कुणी विचारला नसेल. उत्तर सरळ आहे : होतो, किंवा निदान होत होता. कारण तुमचे २०० रुपये दिल्लीला जात नाहीत, मुंबईला जातात.

एमएमटीची सगळी मांडणी चलन काढणारा आणि चलन वापरणारा या भेदावर उभी आहे. स्टेफनी केल्टन यांनी २०२० च्या ‘द डेफिसिट मिथ’मध्ये हा भेद अगदी सुरुवातीलाच पक्का करून घेतला आहे. वॉशिंग्टन डॉलर काढतं, कॅलिफोर्निया वापरतो. ग्रीसनं युरो स्वीकारला तेव्हापासून तोही वापरणाऱ्यांत जमा झाला. महाराष्ट्राचा अर्थसंकल्प कितीही मोठा असो, रुपयाच्या बाबतीत मंत्रालय आणि तुमचं-माझं घर एकाच रांगेत उभं आहे. आधी मिळवायचे किंवा उसने घ्यायचे, मग खर्चायचे. म्हणून ‘कर खर्चासाठी लागत नाही’ हे वाक्य, खरं असलंच तर, राज्य सरकारला लागू पडत नाही.

रोजगार हमीच्या इतिहासात हे लख्ख दिसतं. हायमन मिन्स्कीनं ‘ज्याला कुठंच काम नाही त्याला सरकारनं काम द्यावं’ ही कल्पना १९६५ मध्ये मांडली, आणि आजचे एमएमटीवाले आपली रोजगार हमी त्याच्यापासूनच सुरू करतात. त्याच वर्षी इकडं तासगाव तालुक्यातल्या विसापूरला वि. स. पागे आपला प्रयोग करत होते. विधान परिषदेच्या सभापतीनं गावात जाऊन मजुरीचा हिशेब मांडत बसावं, हे मला आजही विलक्षण वाटतं. दोघांना एकमेकांची खबर असल्याचं दिसत नाही. मिन्स्कीची कल्पना कागदावरच राहिली. पाग्यांपुढं लगेच दुसरा प्रश्न आला, पैसे कुठून आणायचे? राज्याला रुपये काढता येत नाहीत. मग १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा आला. त्याच्या जोडीला मोटार वाहनांवरचा जादा कर, विक्रीकरावरचा अधिभार, बागायती जमिनीवरचा कर असे आणखी काही कर लावले गेले. जेवढी वसुली होईल तेवढीच भर राज्यानं आपल्या तिजोरीतून घालायची, असं ठरलं. शहरातल्या पगारदारानं भरायचं आणि खेड्यातल्या मजुरानं खडी फोडून ते मिळवायचं. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला.

करामुळं योजनेला आणखी एक गोष्ट मिळाली, ती एमएमटीच्या पुस्तकांत सापडत नाही. दरमहा कापल्या जाणाऱ्या पैशाला नाव होतं. योजना गुंडाळायची म्हटली असती, तर ज्यांच्याकडून तिच्या नावानं पैसे घेतले त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं. केल्टन म्हणतात तसं ‘कराचा पैसा’ हे शब्द केंद्राच्या बाबतीत दिशाभूल करत असतीलही. इथं मात्र त्याच शब्दांनी एका कायद्याला तीस वर्षं आधार दिला.

आता थोडं आडवळण घेतो, कारण हा माझा फार आवडता विषय आहे. राज्यांना रुपये काढता येत नाहीत, असं मी वर ठामपणे लिहिलं. कागदावर ते खरं आहे. पण साठच्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षं राज्यं ते करत होती! राज्य सरकारचं खातं रिझर्व्ह बँकेत असतं. खात्यात शिल्लक नसताना राज्यानं चेक दिला आणि रिझर्व्ह बँकेनं तो वटवला, तर ती रक्कम आली कुठून? कुणाकडूनही नाही. ठेकेदाराच्या बँकेच्या खात्यात ती नव्यानं जमा झाली. याला ओव्हरड्राफ्ट म्हणत आणि अर्थ खात्यातली मंडळी त्याला बेशिस्त म्हणत, पण हिशेबाच्या वहीत ही शुद्ध चलननिर्मिती होती. राज्यांनी आवाक्याबाहेर खर्च करायचा, वर्षाअखेर केंद्रानं कर्ज देऊन खातं साफ करायचं, असं चालू राहिलं. १९७२ मध्ये पहिली लगाम घालणारी योजना आली. ती पुरली नाही, म्हणून ऑक्टोबर १९८५ मध्ये दुसरी आली : सलग सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त ओव्हरड्राफ्ट राहिला की रिझर्व्ह बँक त्या राज्याची देणी थांबवणार. चलन काढणं आणि वापरणं यांच्यामधली भिंत आपल्याकडं अशी टप्प्याटप्प्यानं बांधली गेली.

आणि याच काळात केंद्राचं काय चाललं होतं? जानेवारी १९५५ मध्ये अर्थ मंत्रालय आणि रिझर्व्ह बँक यांच्यात एक साधी समजूत झाली. केंद्राच्या खात्यात शुक्रवारी किमान ५० कोटी आणि इतर दिवशी ४ कोटी रुपये राहावेत. कमी पडले, तर ९१ दिवसांच्या ‘अ‍ॅड हॉक’ ट्रेझरी बिलांच्या बदल्यात रिझर्व्ह बँकेनं खातं आपोआप भरावं. शुक्रवार एवढ्यासाठी, की बँकेचा साप्ताहिक ताळेबंद त्या दिवसाचा असतो. तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख आणि गव्हर्नर बेनेगल रामा राव. देशमुख स्वतः रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते, टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेला माणूस. तात्पुरत्या अडचणीसाठी केलेली ही सोय ४२ वर्षं टिकली. १९९४ मध्ये मनमोहन सिंग अर्थमंत्री आणि सी. रंगराजन गव्हर्नर असताना तिला मर्यादा घालणारा करार झाला, आणि १ एप्रिल १९९७ पासून ती बंद झाली. पुढं २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्यानं, एप्रिल २००६ पासून, अपवादात्मक परिस्थिती वगळता सरकारी रोखे थेट सरकारकडून घ्यायलाही रिझर्व्ह बँकेला मनाई केली. म्हणजे एमएमटी ज्याचं वर्णन करते ते भारतात चार दशकं रोजच्या कारभाराचा भाग होतं. आपल्याकडं वाद घालायचा तर ‘असं करता येतं का’ यावर घालण्यात अर्थ नाही. केलं तेव्हा काय झालं, हे पाहायला हवं.

काय झालं, ते १९७२-७३ च्या दुष्काळात पाहता येतं. उन्हाळ्याच्या ऐन भरात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्त्याची खडी. हातांना काम मिळालं, हजेरीपटावर नाव लागलं, आठवड्याची मजुरी झाली. त्या मजुरीनं माणसानं विकत काय घ्यायचं? ज्वारी. आणि ज्वारीच नव्हती. म्हणून अमेरिकेहून आलेली लाल मिलो खाल्ली गेली. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, चव अजून सांगतील. रुपये मुंबई-दिल्लीत तयार होऊ शकत होते, मिलो नाही. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९५२ मध्येच हे बजावलं होतं. केन्सचं गणित बंद पडलेल्या कारखान्यांच्या देशासाठी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. भारतात गरिबाच्या हातात आलेला नवा पैसा आधी धान्याकडं धावतो, आणि धान्य पैशाच्या वेगानं वाढत नाही. पुढं तेलाचा भडका उडाला आणि १९७४-७५ मध्ये घाऊक किमती २५ टक्क्यांच्या आसपास वाढल्या.

एमएमटीवाले यावर म्हणतील, आम्हीही हेच सांगतो, मर्यादा पैशाची नसते, खऱ्या साधनांची असते. बरोबर आहे. पण रँडल रे यांच्यासारखे लेखक रोजगार हमीनं महागाई वाढत नाही असं म्हणतात तेव्हा ते रिकाम्या हातांकडं पाहत असतात. आपल्याकडं हात रिकामे असताना कोठारही रिकामं असू शकतं. माझ्या मते भारतातून एमएमटीवर घेता येणारा हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे, आणि त्याला समाधानकारक उत्तर मी अजून वाचलेलं नाही. तोडगा असलाच तर तो कामाच्या निवडीत आहे. मजुरीच्या पैशातून उभा राहिलेला तलाव खरोखर पाणी धरत असेल, तर दोन-तीन हंगामांनी तो धान्याची मर्यादाच पुढं सरकवतो. अर्धवट सोडलेला बांध काहीच सरकवत नाही.

बाईंच्या पत्रातून निघणारा आणखी एक प्रश्न उरतो : आता ते २०० रुपये कशासाठी? त्यासाठी हमीचं पुढं काय झालं ते पाहायला हवं. मे १९८८ मध्ये रोजगार हमी योजनेची मजुरी किमान वेतनाला जोडली गेली आणि एकदम दुप्पट झाली. मजुरी वाढली की कामावर येणारे वाढायला हवेत. पुढच्या वर्षांत ते कमी झाले. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी हा काळ तपासून १९९३ मध्ये निष्कर्ष मांडला की कामंच कमी काढली जात होती, हमी पातळ झाली होती. चलन वापरणाऱ्या सरकारच्या हमीची ही अंगभूत अडचण आहे. दुष्काळ पडला की मागणी वाढते आणि त्याच वर्षी करवसुली मंदावते.

२००५ च्या राष्ट्रीय कायद्यानं अकुशल मजुरीचा सगळा भार केंद्रावर टाकला. हमी चलन वापरणाऱ्याकडून काढणाऱ्याकडं गेली. महाराष्ट्रात व्यवसाय कर मात्र चालूच राहिला. हमी केंद्राकडं जाण्याचं महत्त्व २०२० मध्ये कळलं. टाळेबंदीनंतर माणसं गावाकडं परतली तेव्हा हमीसाठी अर्थसंकल्पात ठरवलेल्या ६१,५०० कोटींवर केंद्रानं मे महिन्यात ४०,००० कोटी आणखी जाहीर केले. त्या वर्षी ३८९ कोटींच्या आसपास मनुष्यदिवसांचं काम झालं. एकाही राज्याला स्वतःच्या करांवर हे जमलं नसतं.

त्याच वर्षी केंद्रानं राज्यांना द्यायच्या जीएसटी भरपाईचा तंटाही पेटला. वसुली घटली, भरपाईला पैसे नाहीत, तुम्हीच कर्ज काढा, असं ऑगस्टमध्ये केंद्रानं राज्यांना सांगितलं. अनेक राज्यांनी नकार दिला. केंद्राला कमी व्याजानं कर्ज मिळतं, त्याच्या पाठीशी रिझर्व्ह बँक आहे, आमच्या पाठीशी कुणी नाही, हा त्यांचा मुद्दा होता. ऑक्टोबरमध्ये केंद्रानं तो मान्य केला आणि १.१ लाख कोटी रुपये स्वतः उचलून राज्यांना दिले. त्या चर्चेत एमएमटीचं नाव माझ्या वाचनात कुठं आलं नाही, पण चलन कोण काढतं आणि कोण वापरतं यावरून आपल्याकडं झालेली इतकी उघड घासाघीस मला दुसरी आठवत नाही.