म्हातारपणाचा बागुलबुवा

आंब्याचे झाड जुने झाले म्हणून आपण घाबरत नाही. उलट त्याच्या सावलीला बसतो. मग आरशात पहिला पांढरा केस दिसला की आपल्याच छातीत धस्स का व्हावे?

वाचकहो, साठी जवळ आली की पुष्कळांच्या मनात ही भीती घर करते. काल ठेवलेला विळा सापडला नाही, की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून माणूस हाय खातो. अहो, विळा तर घरातली तरणी पोरेही विसरतात!

भीतीने नुकसान होते ते पुढेच. अंधुक दिसू लागते, पण लोक म्हातारा म्हणतील म्हणून गडी बोलत नाही. मग बांधावर ठेचकाळून पडतो आणि हाड मोडून घेतो. मोतीबिंदू असेल, तर शस्त्रक्रियेने बहुतेकांना पुन्हा चांगले दिसते. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. ऐकू कमी येते हे लपवणाऱ्या बाईचेही तसेच. ती चार बायकांत बसणे सोडते आणि एकटी पडते. म्हणजे ज्या म्हातारपणाला भ्यायचे, तेच आपण लवकर घरी बोलावतो!

अमेरिकेतील ओहायो राज्यात पन्नाशी गाठलेल्या 660 माणसांची सुमारे 23 वर्षे माहिती ठेवली गेली. बेका लेव्ही या संशोधक बाईंनी 2002 साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. आपल्या वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेने पाहणारे इतरांपेक्षा सुमारे साडेसात वर्षे अधिक जगले होते. नुसत्या विचाराने आयुष्य वाढते असे नव्हे. पण भिऊन ते वाढत नाही, एवढे खरे.

‘जमीन नावावर करून दिली, आता पोरे सांभाळतील ना?’ ही काळजी मात्र अगदीच खोटी नाही. तिला उपाय आहे. बक्षीसपत्र करताना सांभाळाची अट त्यातच लिहून घ्या. अट मोडली, तर 2007 च्या कायद्याप्रमाणे साठी ओलांडलेल्या माणसाला प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करून ते रद्द करून घेता येते.

तेव्हा उपाय आहे तिथे उपाय करा आणि उरलेली भीती सोडून द्या. भित्यापाठी ब्रह्मराक्षस! या आठवड्यात डोळे तपासून या, आणि बियाण्याची कणसे निवडताना नातवंडाला शेजारी बसवा. कोणते कणीस ठेवायचे, हे त्याला तुमच्याखेरीज कोण शिकवणार?