अणू तेच, मांडणी वेगळी
हिरा आणि ग्रॅफाइट, दोन्ही निव्वळ कार्बन. १७९७ मध्ये स्मिथसन टेनंट यांनी हिरा जाळला, तेव्हा तेवढ्याच वजनाच्या कोळशाइतकाच कार्बन डायऑक्साइड निघाला. मग फरक कशाचा? मांडणीचा. हिऱ्यातला प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी चहूबाजूंनी घट्ट बांधलेला असतो. म्हणूनच खडक फोडणाऱ्या ड्रिलच्या टोकाला हिरे बसवतात. ग्रॅफाइटमध्ये शेजारी तीनच आणि थर सपाट. ते सहज सुटतात म्हणून पेन्सिलीची रेघ उमटते, आणि मोबाइलच्या बॅटरीत त्याच थरांमध्ये लिथियम सामावते. कुणी म्हणेल, फरक अशुद्धींमुळे असेल. पण हवेशिवाय प्रचंड तापवलेल्या शुद्ध हिऱ्याचेही ग्रॅफाइटच होते, बाहेरून काहीही न मिसळता. मला हाच पुरावा सर्वांत भक्कम वाटतो.